उपमा, रूपक आणि मधला ‘सारखा’

उपमा आणि रूपक ओळखायची शाळेतली युक्ती बहुतेकांना पाठ असते. ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’, ‘सम’ असा एखादा शब्द दिसला की उपमा, नाही दिसला की रूपक. परीक्षेपुरती ही युक्ती चालते. पण हा फरक ज्यांनी प्रथम तपासला ते त्या शब्दापाशी थांबले नाहीत. दोन वस्तू वेगळ्या आहेत ही जाणीव वाक्यात शिल्लक राहते की पुसली जाते, इकडे त्यांचं लक्ष होतं.

यास्क या प्राचीन आचार्याने वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्ता’त गार्ग्य या त्याच्याही आधीच्या आचार्याची उपमेची व्याख्या दिली आहे: ‘यद् अतत् तत्सदृशम्’. जे ते नाही, पण त्याच्यासारखं आहे. यात ‘नाही’ आधी येतं, ‘सारखं’ नंतर, आणि मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. वेदांची भाषा तर याच्याही पुढे जाते. तिथे ‘न’ हा एकच शब्द नकारही देतो आणि ‘सारखा’ हा अर्थही देतो. ऋग्वेदातल्या विष्णुसूक्तात ‘मृगो न भीमः’ असं येतं. त्याचा अर्थ ‘भयंकर पशूसारखा’. यास्क सांगतो की रोजच्या भाषेत ‘न’ फक्त निषेधाचा, वेदात मात्र दोन्हींचा; ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी आला तर नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून आला तर तुलना.

हा तुलनेचा शब्दच गळला तर? त्याचीही नोंद यास्काकडे आहे. अशा उपमांना तो लुप्तोपमा म्हणतो आणि उदाहरणं अगदी बोलण्यातली देतो: माणसाला सिंह किंवा वाघ म्हटलं तर गौरव, कुत्रा किंवा कावळा म्हटलं तर निंदा. आज ‘तो वाघ आहे’ हे वाक्य आपण रूपक म्हणून शिकवतो. यास्काच्या लेखी तीही उपमाच होती, फक्त शब्द लपलेली.

रूपक हे स्वतंत्र नाव भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त येतं. तिथे अलंकार मोजून 4 आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे दंडीने ‘काव्यादर्शा’त दोघांचं नातं एका ओळीत सांगितलं: ‘उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते’. भेद झाकला गेलेली उपमा म्हणजेच रूपक. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच सीमा पक्की केली. भेद कायम असताना साधर्म्य, म्हणजे गुणाचा सारखेपणा, असेल तर उपमा, आणि उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) व उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांचा अभेद असेल तर रूपक. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतली ‘उपमेय आणि उपमान एकरूप आहेत’ ही व्याख्या याच वळणाची आहे.

ग्रीसमध्ये याच दोघांत थोरलं कोण, यावर मतं उलटसुलट झाली. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने ‘रेटोरिक’मध्ये उदाहरण दिलं: ग्रीक महाकाव्यातला वीर अकिलीस सिंहासारखा झेपावला ही उपमा, आणि अकिलीसबद्दलच बोलताना ‘सिंह झेपावला’ म्हटलं तर रूपक. त्याच्या मते उपमा हे रूपकच, फक्त एक शब्द जास्तीचा. तो शब्द वाक्य लांबवतो आणि ‘हे म्हणजेच ते’ असं सांगत नाही, म्हणून मन तितकं हलत नाही. पहिल्या शतकात रोममध्ये क्विंटिलियनने नातं उलटं मांडलं: रूपक म्हणजे आखूड केलेली उपमा. दंडीचं सूत्र याच्या जवळ जातं.

1978 साली डोनाल्ड डेव्हिडसन या तत्त्वज्ञाने आणखी एक खूण दाखवली. शब्दशः पाहिलं तर उपमा खरीच ठरते, कारण कुठलीही वस्तू कशी ना कशी दुसरीसारखी असतेच; रूपक मात्र बहुतेक वेळा शब्दशः खोटं असतं. आणि नुसता सारखेपणा अलंकाराला पुरत नाही, हे संस्कृत आचार्य बजावून सांगतात. ‘गवा गाईसारखा असतो’ ही ओळख पटवायची माहिती झाली. तिच्यात ‘सारखा’ आहे, पण अलंकार नाही.

शाळेतली युक्ती सर्वांत उघडी पडते ती समासात, कारण समास तुलनेचा शब्द गिळून टाकतो. पाणिनीने यासाठी लागोपाठ दोन सूत्रं दिली. ‘घनश्याम’मध्ये काळेपणा हा समान गुण उच्चारलेला आहे आणि उपमान आधी येतं. ‘पुरुषव्याघ्र’मध्ये उपमान मागे जातं, आणि हा समास समान गुण सांगितलेला नसेल तेव्हाच होतो.

आता ‘मुखचंद्र’ घ्या. चंद्रासारखं मुख असाही विग्रह होतो, मुख हाच चंद्र असाही. पहिला धरला तर उपमा, दुसरा धरला तर रूपक, आणि शब्दात पाहून काहीच कळत नाही. अलंकारशास्त्र अशा वेळी शेजारच्या क्रियापदाकडे बोट दाखवतं. ‘मुखचंद्राचं चुंबन घेतलं’ म्हटलं की उपमा, कारण चुंबन मुखाचंच घेतलं जातं. मुख मुखच राहिलं. ‘मुखचंद्र प्रकाशतो’ म्हटलं की रूपक, कारण प्रकाशणं हे चंद्राचं काम. इथे मुख चंद्र झालं. आणि वाक्यात कोणत्याच बाजूने कौल देणारं काही नसेल, तर ओढूनताणून निवाडा करत नाहीत. त्या स्थितीलाच अलंकार मानून तिला नाव दिलेलं आहे: संदेहसंकर.