एरिना फुटबॉल लीग : १९८७ चा हंगाम

अमेरिकन फुटबॉलचे बंदिस्त क्रीडागारात खेळता येईल असे रूप घेऊन स्थापन झालेल्या एरिना फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १९ जून ते १ ऑगस्ट १९८७ या काळात अमेरिकेत झाला. त्यात पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स, डेन्व्हर डायनामाइट, वॉशिंग्टन कमांडोज आणि शिकागो ब्रुझर्स हे चार संघ होते. साखळीत प्रत्येक संघ सहा सामने खेळला आणि पहिल्या दोन संघांत थेट अंतिम सामना झाला.

छपराखाली फुटबॉल खेळण्याचा प्रसंग त्याआधीही आला होता. डिसेंबर १९३२ मध्ये बर्फ आणि कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स या फुटबॉल संघांतील निर्णायक सामना शिकागो स्टेडियमच्या बंदिस्त आवारात खेळवावा लागला होता. पण ती अडचणीतून काढलेली वाट होती. बंदिस्त जागेसाठीच वेगळा खेळ घडवावा, हा विचार एरिना फुटबॉल लीगचे संस्थापक जिम फॉस्टर यांचा. फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहत असताना त्यांनी जवळच्या कागदी लिफाफ्यावर या खेळाच्या मैदानाची आकृती काढली. पुढे वसंत ऋतूत खेळणारी युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग सुरू झाल्याने ही कल्पना मागे पडली. त्या लीगचा शेवटचा हंगाम १९८५ मध्ये झाला, आणि १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे फॉस्टर यांनी आपल्या खेळाचा पहिला चाचणी सामना घेतला.

या खेळाचे नियम जागेच्या मर्यादेतून घडले, आणि त्यांतच त्याचे खरे सौंदर्य आहे. आइस हॉकीच्या रिंगणात मावेल असे ५० यार्ड (सुमारे ४६ मीटर) लांब आणि ८५ फूट (सुमारे २६ मीटर) रुंद मैदान आखले गेले. उघड्यावरच्या मैदानाच्या निम्म्याच लांबीचे. अकराऐवजी प्रत्येक बाजूला आठ खेळाडू ठेवण्यात आले. क्वार्टरबॅकसारखे (आक्रमणाची सूत्रे हलवून चेंडू फेकणारा खेळाडू) मोजके अपवाद सोडले, तर प्रत्येकाला आक्रमण आणि बचाव अशी दोन्ही कामे करावी लागत, म्हणजे अष्टपैलुत्व ही खेळाडूची शोभा नसून गरज होती. सीमारेषेपाशी प्रेक्षक अगदी लगत बसत असल्यामुळे तेथे गादी लावलेले कठडे उभारले जात. चेंडू लाथेने दूर धाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्याची पंटची सोय तर काढूनच टाकली होती, त्यामुळे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यातही संघाला पुढे सरकण्याचा किंवा चेंडू गोलखांबांमधून लाथाडून गोल साधण्याचा धोका पत्करावाच लागे. गोलखांबांमधील अंतर केवळ नऊ फूट होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद व ३२ फूट उंच जाळ्या ताणलेल्या असत. जाळीवर आदळून परतलेला चेंडू बाद न ठरता खेळात राहतो. कॅरममध्ये कडेवरून उलटणाऱ्या स्ट्रायकरचा कोन ज्याने नजरेत धरला आहे, त्याला हा नियम लगेच उमजेल.

हंगामाचा पहिला सामना १९ जून रोजी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरेनामध्ये १२,११७ प्रेक्षकांसमोर झाला आणि यजमान ग्लॅडिएटर्सनी वॉशिंग्टनवर ४८-४६ अशी निसटती मात केली. छोट्या मैदानावर गुणांचा पाऊस पडतो, ही या खेळाची पुढे रूढ झालेली ओळख पहिल्याच रात्री पटली. साखळीअखेर पिट्सबर्ग आणि डेन्व्हर यांचे प्रत्येकी चार विजय आणि दोन पराभव झाले, तर वॉशिंग्टन आणि शिकागो यांच्या वाट्याला दोन-दोन विजय आले. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान पिट्सबर्गच्या रसेल हेअरस्टन यांना मिळाला.

पहिला ‘एरिना बोल’, म्हणजे अंतिम सामना, १ ऑगस्टला पिट्सबर्गमध्येच झाला. घरच्या प्रेक्षकांचे पाठबळ असूनही ग्लॅडिएटर्स निष्प्रभ ठरले आणि टिम मार्कम यांच्या प्रशिक्षणाखालील डेन्व्हरने ४५-१६ असा विजय मिळवला. एरिना फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला अवघ्या १६ गुणांवर रोखणे हे बचावाचे मोठेच यश मानावे लागेल. सामन्याचा मानकरी डेन्व्हरचा गॅरी मुलन ठरला.

विजेतेपदानंतरही डेन्व्हरचा संघ १९८८ च्या हंगामात उतरला नाही. तो १९८९ मध्ये परतला आणि १९९१ नंतर संपला. खेळाच्या या पद्धतीला १९९० मध्ये पेटंट मिळाले. पिट्सबर्गचा संघ १९९१ मध्ये फ्लोरिडात जाऊन टॅम्पा बे स्टॉर्म झाला. ज्या मार्कम यांनी त्याला पहिल्या अंतिम सामन्यात हरवले होते, तेच १९९५ पासून त्याचे प्रशिक्षक झाले आणि आपल्या एकूण सात विजेतेपदांपैकी तीन त्यांनी याच संघासह मिळवली.