पाठीवरची ती उशी नव्हे

किमोनो नेसलेल्या जपानी स्त्रीच्या पाठीवर बांधलेली चौकोनी वस्तू म्हणजे सोबत नेलेली उशी, हा समज अजून फिरतो. तो चुकीचा आहे. ती ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची ‘ताइको’ गाठ. आत छोटी गादी असते खरी, पण फक्त गाठीला आकार देण्यासाठी. टोकियोतल्या कामेइदो तेंजिन देवळाचा कमानदार पूल पाहून गेइशांनी ही गाठ रूढ केली, असं मानलं जातं.

खरा पुरावा जुन्या ओबींवरच आहे. सुमारे 4 मीटर लांबीची ‘मारु’ ओबी दोन्ही बाजूंनी नक्षीदार, फार देखणी आणि जड! पण कित्येक ओबींवर सारस, पाइन, शेवंती फक्त दोनच ठिकाणी असतात: पोटावर आणि नेमक्या त्या पाठीवरच्या चौकोनात. बाकी कापड कोरं, कारण ते घडीत झाकलं जातं.