भाऊ कोणत्या निशाणीवर? खान्देशातल्या पक्षांच्या गर्दीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची मोजणी खान्देशातून सुरू होते. पहिला क्रमांक सातपुड्यातल्या अक्कलकुव्याचा. मग शहादा, नंदुरबार, नवापूर असं करत विसावा मुक्ताईनगरचा. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तीन जिल्ह्यांतले हे वीस मतदारसंघ. 20 नोव्हेंबर 2024 ला इथे मतदान झालं तेव्हा राज्याच्या आखाड्यात दोन शिवसेना होत्या, दोन राष्ट्रवादी होत्या, भाजप आणि काँग्रेस होते. कुठे वंचित, कुठे बसप, कुठे मनसे, धुळ्यात एमआयएम, आणि सगळ्यांच्या मागे अपक्षांची रांग. दिवस भरिताचे होते. शेतात वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या आणि पंगतीत एकच प्रश्न फिरत होता: "भाऊ आते कोनती निशानीवर शे?"

हा प्रश्न ऐकून शहरातल्या माणसाला हसू येतं. मला तो अत्यंत शहाणा प्रश्न वाटतो, कारण त्याच्यामागे सत्तर वर्षांचा अनुभव उभा आहे. या काळात मत देण्याची पद्धत बदलली, निशाण्या बदलल्या, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. मतदाराने प्रत्येक वेळी नव्याने रस्ता शोधला.

खान्देशचं राजकारण जुनं आहे. 1906 मध्ये एका मोठ्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. 1936 च्या डिसेंबरात पूर्व खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तेव्हा मताचा अधिकार सगळ्यांना नव्हता. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींतून जो पार होईल तोच मतदार. फैजपूरच्या मंडपात बसलेल्या कितीतरी बायाबापड्यांना आपलं पहिलं मत टाकायला 1952 साल उजाडावं लागलं.

त्या पहिल्या निवडणुकीत आजच्यासारखी एकच मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली, आणि सगळ्या पेट्या आडोशामागे ओळीने मांडलेल्या. मतदाराने हातातला कोरा कागद घेऊन आत जायचं, निशाणी ओळखायची आणि त्या पेटीत कागद टाकायचा. शिक्का नाही, खूण नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला मान खाली न घालता मत देता यावं, म्हणून देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात ही व्यवस्था उभी राहिली. बहुसंख्य मतदार निरक्षर असलेल्या देशात एवढ्या साध्या युक्तीने निवडणूक पार पडली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पेट्यांवरची चित्रं पाहिली की तेव्हाही गर्दी कमी नव्हती हे कळतं. काँग्रेसची जू घेतलेली बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचा विळा आणि कणीस, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, हिंदू महासभेचा घोडेस्वार. पन्नासहून जास्त पक्ष त्या वर्षी देशभर मैदानात होते. आज काँग्रेसची म्हणून ओळखली जाणारी पंजाची निशाणी तेव्हा रुईकरांच्या फॉरवर्ड ब्लॉक या पक्षाकडे होती! म्हणजे 'पंजा कुणाचा?' या प्रश्नाचं उत्तर आजोबा एक देणार आणि नातू दुसरं, आणि दोघेही बरोबर.

पण पेट्या कितीही मांडल्या तरी बैलजोडीपुढे इतरांचं फार चाललं नाही. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलखात याहून सोयीची निशाणी कुठली असणार? जळगावातून काँग्रेसचे ह. वि. पाटसकर लोकसभेवर गेले आणि पुढे केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले.

पाचच वर्षांनी हवा फिरली. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं आणि विरोधक एकत्र आले होते. धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे देशभरातून चारच खासदार होते. त्यांतले एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक धुळ्याचे पाटील. तिकडे पूर्व खान्देशाने नौशेर भरुचा या पारशी गृहस्थाला दिल्लीत पाठवलं. ज्या भागात उमेदवाराचं गाव, भाऊबंदकी आणि सोयरीक आधी विचारली जाते, त्या भागाने केलेली ही निवड. प्रश्न मराठी राज्याचा होता, आणि त्यापुढे लोकांनी बाकीचे हिशेब बाजूला ठेवले. खान्देशात मत फक्त जातीवर पडतं असं जे सरसकट बोलतात, त्यांनी हे 1957 साल एकदा नीट पाहावं.

1962 पासून सार्वत्रिक निवडणुकांत पेट्यांची रांग गेली आणि सगळी नावं एका कागदावर आली. निशाणीपुढे फुलीचा शिक्का मारायचा आणि घडी घालून कागद पेटीत टाकायचा. बोटावरची न पुसणारी शाई पहिल्या निवडणुकीतही होती, पण ती म्हैसूरच्या कारखान्यातून येऊ लागली ती याच वर्षापासून. त्याच निवडणुकीत जळगावातून सत्तावीस वर्षांच्या प्रतिभा पाटील पहिल्यांदा आमदार झाल्या. पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, त्या पुन्हा पुन्हा निवडून आल्या आणि 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या मतदारांनी बैलजोडी पाहिली, 1972 ला गाय-वासरू पाहिलं आणि पुढे पंजा पाहिला. उमेदवार तीच, पक्षही लोकांच्या लेखी तोच, फक्त चित्र बदललेलं.

हे चित्र का बदललं? 1968 मध्ये निवडणूक आयोगाने निशाण्यांचा आदेश काढला. कोणती निशाणी कुणासाठी राखीव, पक्षात भांडण झालं तर ती कुणाकडे जायची, हे त्यात ठरलं. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली आणि बैलजोडी गोठवली गेली. एका गटाला गाय-वासरू मिळालं, दुसऱ्याला चरखा. 1977 ला जनता पक्ष नांगरधारी शेतकऱ्यावर लढला. 1978 ला काँग्रेस पुन्हा फुटली आणि इंदिरा गांधींनी पंजा घेतला. 1980 ला जनसंघाची जुनी माणसं कमळ घेऊन आली. दहा-बारा वर्षांत गावच्या भिंतीवरचं चित्र इतक्या वेळा पुसलं आणि रंगवलं गेलं की खाली जुना चुना आणि वर नवा, असे थर चढले.

इथून खान्देशी मतदाराने निशाणीपेक्षा माणूस पक्का धरला, असं माझं मत आहे. सुरेशदादा (जैन), नाथाभाऊ (एकनाथ खडसे), गुलाबभाऊ (गुलाबराव पाटील), अमरिशभाई (पटेल), आर. ओ. तात्या (पाटील): इथले पुढारी घरच्या नात्यानेच ओळखले जातात. जळगाव शहराने सुरेशदादा जैन यांना 1980 पासून 2014 पर्यंत आमदार ठेवलं. या काळात ते काँग्रेसच्या निरनिराळ्या गटांत होते, शिवसेनेत होते, राष्ट्रवादीत होते. दादा ज्या निशाणीवर, ती निशाणी शहराची. नवापूरची गोष्ट तर आणखी मजेची. मुलायमसिंहांच्या समाजवादी पक्षाची सायकल महाराष्ट्रात चालते ती भिवंडी-मानखुर्दकडे. पण 2009 मध्ये ती थेट गुजरातच्या सीमेवर, आदिवासी नवापुरात चालली. शरद गावित त्या पक्षाचे आमदार झाले. उमेदवार घरचा आणि ओळखीचा होता, तेवढं पुरलं.

याच्या उलट नंदुरबार लोकसभा. तिथे माणिकराव गावित नऊ वेळा सलग पंजावर निवडून आले. 2014 ला त्यांचा पराभव केला डॉ. हीना गावित यांनी, त्याही कमळावर. त्यांचे वडील विजयकुमार गावित राष्ट्रवादीचे मंत्री होते आणि त्याच काळात भाजपमध्ये आले. दहा वर्षांनी, 2024 मध्ये, गोवाल पाडवी यांनी ती जागा पुन्हा पंजाकडे आणली. अमळनेरने 2009 आणि 2014 अशा दोन निवडणुकांत सगळेच पक्ष बाजूला सारून दोन वेगवेगळे अपक्ष निवडले. धुळे शहराने अनिल गोटे यांच्या लोकसंग्राम या पक्षाला आमदारकी दिली, मग 2014 ला त्यांनाच कमळावर निवडलं आणि 2019 ला एमआयएमला संधी दिली.

अपक्ष आणि छोट्या पक्षांची गर्दी नियमांमुळेही वाढली. अनामत रक्कम फार वर्षं लोकसभेला 500 आणि विधानसभेला 250 रुपये होती. 1996 च्या लोकसभेला देशभरात जवळपास चौदा हजार उमेदवार उभे राहिले. तमिळनाडूत एका विधानसभा मतदारसंघात हजारावर उमेदवार झाले आणि मतपत्रिकेची वहीच छापावी लागली. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत वाढवली. आज ती लोकसभेला 25,000 आणि विधानसभेला 10,000 आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की ती जप्त. पक्ष नोंदवणं मात्र सोपंच राहिलं. ऑगस्ट 2025 मध्ये आयोगाने 334 पक्ष यादीतून काढले, तरी मान्यता नसलेले नोंदणीकृत पक्ष तेव्हा अडीच हजारांवर उरले.

आता यंत्र जवळून पाहू. एका मतदान यंत्रावर सोळा बटणं. पंधरा उमेदवार झाले की सोळावं बटण 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर आलं. सोळावा उमेदवार उभा राहिला की शेजारी दुसरं यंत्र लावावं लागतं. वर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांच्या अकारविल्हे क्रमाने. त्यामुळे भाजप नेहमी पहिला किंवा काँग्रेस नेहमी तिसरी असं काही नसतं. म्हणून कार्यकर्ते 'चौथं बटण, चौथं बटण' असं घोकून घेतात आणि नमुना यंत्राचं पुठ्ठ्याचं चित्र घरोघर दाखवतात. दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. डोळ्यांना चष्मा असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यात आपली निशाणी ओळखायची असते. निशाणीचं चित्र स्वच्छ आणि वेगळं असावं हा आग्रह मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

तो आग्रह 2024 ला सगळ्यांच्या लक्षात आला. 2022 मध्ये शिवसेना फुटली. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांचं पद वाचवणारी पक्षांतरबंदी कायद्यातली सवलत 2003 च्या दुरुस्तीने गेली होती, त्यामुळे बाहेर पडलेल्यांनी 'मूळ पक्ष आम्हीच' हा दावा केला आणि भांडण आयोगाकडे गेलं. धनुष्यबाण शिंदे गटाला, मशाल ठाकरे गटाला. 2023 ला राष्ट्रवादी फुटली. घड्याळ अजित पवारांकडे, तुतारी वाजवणारा माणूस शरद पवारांकडे. लोकसभेला शेजारच्या दिंडोरीत तुतारीशी साम्य असलेल्या निशाणीच्या अपक्षाला लाखाहून अधिक मतं पडली. त्याचं आडनावही मुख्य उमेदवारासारखंच होतं. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण त्यातली कितीतरी मतं कुणाला तरी दुसऱ्याला द्यायची होती.

खान्देशात ही फूट घराघरांत शिरली. नाथाभाऊ खडसे 2020 मध्ये भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, सून रक्षा खडसे भाजपच्या खासदार राहिल्या. 2024 च्या मे महिन्यात, रावेरच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, नाथाभाऊ सुनेच्या कमळासाठी उभे राहिले. नोव्हेंबरात मुक्ताईनगरात लेक रोहिणी तुतारीवर उभ्या राहिल्या. मे महिन्यात सून जिंकली, नोव्हेंबरात लेक हरली. पाचोऱ्यात धनुष्यबाणावर किशोर पाटील आणि मशालीवर वैशाली सूर्यवंशी, दोघं चुलत बहीणभाऊ. जळगाव ग्रामीणमध्ये धनुष्यबाणवाले गुलाबराव पाटील आणि तुतारीवाले गुलाबराव देवकर. 2009 ला देवकर जिंकले होते, 2024 ला पाटील. तिथे 'मी गुलाबरावांना मत दिलं' असं सांगणाऱ्याला काही लपवायची गरजच पडली नाही.

धुळे लोकसभेत याच वर्षी काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एवढा निसटता फरक. इतक्या थोड्या मतांनी खासदार ठरतो तेव्हा चुकून दाबलेलं एकेक बटण जड असतं.

महापालिकेत तर एकाच माणसाला अनेक मतं द्यावी लागतात. प्रभागात साधारण चार जागा, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, प्रत्येकीवर वेगळी नावं. जळगावात सुरेशदादांच्या मागे उभी राहिलेली खान्देश विकास आघाडी ही इथली स्वतःची निशाणी होती. 2018 मध्ये तिथे 75 पैकी 57 नगरसेवक भाजपचे आले. मार्च 2021 मध्ये त्यांतले बरेच फुटले आणि महापौर शिवसेनेची झाली. ज्यांनी चारही मतं कमळाला दिली होती, त्यांच्या प्रभागातही पाण्याचा अर्ज घेऊन जायचं तर आधी विचारावं लागलं, आपला नगरसेवक आता कुणीकडे आहे.