तिवरांच्या चिखलात तरुण उतरले, त्याची पार्श्वभूमी

26 जुलै म्हटले की मुंबईकराला 2005 आठवते. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी वस्त्यांत शिरली आणि तिच्या मुखाकडचे तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनातली झाडे, भरावाखाली कधी गेले, हे शहराने पहिल्यांदाच मोठ्याने विचारले. पुढे युनेस्कोने हीच तारीख जागतिक कांदळवन दिन म्हणून जाहीर केली. तिचा उगम मात्र दूर एक्वाडोरच्या किनाऱ्यावर, 1998 मध्ये कांदळवन तोडून केलेल्या कोळंबीच्या तळ्यांविरुद्ध झालेल्या आंदोलनात आहे.

कोळी-आगरी पोरांना तिवर कधी कुणी शिकवला नाही. मुळांतली चिंबोरी, चिखलातल्या निवट्या मासळ्या, ओहोटीची वेळ हे सगळे त्यांना घरातूनच कळत आले. बाकीच्या शहराला मात्र तिथे फक्त दलदल दिसली. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनाला संरक्षण दिले, तरी डेब्रिजचे ट्रक रिकामे होतच राहिले. शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, पण खाडी चालत जाण्याच्या अंतरावर असूनही तो वहीतच राहिला.

माझ्या मते खरे वळण आले ते न्यायालयातून. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला आणि तिथे राडारोडा टाकायला मनाई केली. 2012 मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. 2018 च्या अंतिम निकालाने तर कांदळवनाचा नाश थेट नागरिकांच्या जगण्याच्या हक्काशी जोडला. त्याआधी रात्री भराव पडताना पाहिलेल्या विद्यार्थ्याने सांगायचे तरी कुणाला? आता हातातल्या मोबाइलवरच्या फोटोला जायला जागा मिळाली.

मग सुट्टीच्या दिवशी ओहोटी गाठून होणाऱ्या सफाई मोहिमा वाढल्या. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांना प्लास्टिक गुंडाळले की झाड गुदमरते. गमबूट घालून एकेक पिशवी सोडवताना मुलांना हे जितके पक्के कळते, तितके कुठल्याही व्याख्यानात कळत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला निघालेली बोटही अनेकांची या झाडांशी पहिली ओळख ठरली. 2020 मध्ये पांढरी चिप्पी महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाली.

तरी कायद्याची भिंत अभेद्य नाही. डिसेंबर 2022 मध्ये त्याच उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे लागवडीची अट असते. पण खाडीचे पाणी, गाळ, खारटपणा जुळल्याशिवाय रोप धरत नाही, आणि धरले तरी जुन्या झाडाइतके व्हायला वर्षे जातात. म्हणून काठावरच्या बाटल्या वेचणाऱ्या या मुलांनी आता प्रकल्पांचे नकाशे आणि जनसुनावणीच्या नोटिसाही वाचायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.