मेडिकल रायटिंग : नियमांतून जन्मलेल्या एका नोकरीची पार्श्वभूमी

खानदेशातील महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या वाटा बराच काळ ठरलेल्या होत्या. कोणी बी.एड. करून शाळेत लागे, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसे, कोणी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, होऊन बॅग घेऊन दवाखाने पालथे घाली. जळगाव परिसरातील केळीच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळांनी काहींना सामावून घेतले, तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची मुले सुरत-भुसावळ मार्गाने अंकलेश्वर आणि वापीच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागली. मेडिकल रायटिंगचे नाव या यादीत गेल्या दीड-दोन दशकांत आले आणि येताना गोंधळही घेऊन आले. आधी गाजलेल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनशी आणि नंतर आलेल्या मेडिकल कोडिंगशी त्याची सरमिसळ आजही होते. डॉक्टरांचे ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करणे किंवा आजारांना ठरलेले संकेतांक देणे ही वेगळी कामे आहेत. मेडिकल रायटर औषधाच्या चाचणीचे आराखडे, अहवाल, सुरक्षिततेचे दस्तऐवज आणि शोधनिबंधांचे मसुदे तयार करतो, आणि त्याच्या कामाचा जवळजवळ प्रत्येक प्रकार कुठल्या ना कुठल्या नियमातून जन्मलेला आहे.

त्या नियमांचा जुना इतिहास दुर्घटनांचा आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाच्या एका पातळ मिश्रणाने शंभरावर माणसे दगावली. ते औषध विषारी द्रावकात विरघळवलेले होते आणि विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन त्या वेळच्या कायद्यात नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, ते बंधन आले. गर्भवतींनी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंगे निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या प्रकरणानंतर १९६२ मध्ये औषध परिणामकारक असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला. पुरावा मागितला गेला म्हणजे तो कोणीतरी लिहून काढणे आले. तरी त्या काळात हे काम कंपनीतील डॉक्टर आणि शास्त्रज्ञ आपले मूळ काम सांभाळून करीत, आणि प्रत्येक देश आपापल्या पद्धतीची कागदपत्रे मागत असे.

हे चित्र १९९० नंतर पालटले. अमेरिका, युरोप आणि जपान यांचे औषध नियामक व औषध उद्योग त्या वर्षी एकत्र बसले आणि नियमांत सुसूत्रता आणण्याचे काम सुरू झाले. या प्रयत्नांतून १९९५ मध्ये चाचणीच्या अहवालाची रचना ठरवणारे ई-३ हे मार्गदर्शक सूत्र आले, १९९६ मध्ये चाचणी कशी चालवावी हे सांगणारे ई-६ आले, आणि २००० मध्ये अर्जाची सर्व कागदपत्रे पाच मॉड्यूलमध्ये बसवणाऱ्या सीटीडी या सामाईक आराखड्यावर एकमत झाले. युरोप व जपानमध्ये तो २००३ पासून सक्तीचा आहे. मेडिकल रायटिंगला स्वतंत्र पेशा केले ते या तीन दस्तऐवजांनी, असे म्हणायला हरकत नाही. कोणत्या विभागात काय लिहायचे हे क्रमांकासह ठरल्यावर ते लिहिणारा माणूस कंपनीच्या मुख्यालयातच बसला पाहिजे, ही गरज उरली नाही.

या कामाचे रूप बाहेरच्याला वाटते तितके साहित्यिक नाही. चाचणीच्या अहवालाला क्षेत्रात सगळे सीएसआर (क्लिनिकल स्टडी रिपोर्ट) म्हणतात. त्यातील कार्यपद्धतीचा भाग बहुतांशी प्रोटोकॉलमधूनच, म्हणजे चाचणीच्या आधी ठरलेल्या आराखड्यातूनच येतो. प्रोटोकॉलमध्ये ‘रक्ताचे नमुने घेतले जातील’ असे लिहिलेले असते, अहवालात ते ‘घेण्यात आले’ असे होते, आणि मधल्या काळात प्रोटोकॉल बदलला असेल तर नेमके कोणत्या सुधारणेनंतर काय घेण्यात आले हेही नोंदवावे लागते. निष्कर्षांचा भाग संख्याशास्त्र विभागाकडून आलेल्या टेबल आणि लिस्टिंगवरून (रुग्णवार नोंदींच्या याद्यांवरून) लिहिला जातो. नवख्याच्या हाती बहुधा नॅरेटिव्ह, म्हणजे एकेका रुग्णाला काय झाले याचे वृत्तांत, येतात. उदाहरणार्थ, ५४ वर्षांची, जुना मधुमेह असलेली स्त्री, पहिल्या डोसनंतर १२ व्या दिवशी छातीत दुखू लागल्याने दाखल, १५ व्या दिवशी घरी. औषध थांबवले की चालू ठेवले, आधीपासून कोणती औषधे सुरू होती, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते या घटनेचा चाचणीच्या औषधाशी संबंध होता की नाही. एवढे एका परिच्छेदात, एकही विशेषण न वापरता आणि एकही तारीख न चुकवता लिहायचे असते. प्रत्येक आकडा मूळ टेबलशी ताडून पाहण्याच्या कामाला क्यूसी म्हणतात आणि अनेकांची पहिली दोन वर्षे त्यातच जातात.

भारतात १९४० च्या औषध कायद्याच्या नियमावलीत १९८८ मध्ये शेड्यूल वाय हे औषधचाचण्यांचे परिशिष्ट आले. त्यानुसार परदेशात शोधलेल्या औषधाची चाचणी भारतात एक टप्पा मागे राहूनच करता येई. जानेवारी २००५ मध्ये ही अट शिथिल झाली आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या जगाबरोबर एकाच वेळी भारतातही घेता येऊ लागल्या. उत्पादनावरील पेटंटही त्याच महिन्यापासून लागू झाले. मुंबई, पुणे, बंगळुरू आणि हैदराबाद येथे रायटिंगच्या तुकड्या उभ्या राहिल्या त्या याच सुमारास. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच शरीरात उतरते का हे पाहणाऱ्या बायोइक्विव्हॅलन्स चाचण्यांचे अहवाल लिहिण्याचे काम अहमदाबादेतही वाढले आणि खानदेशातून गुजरातेत जाणाऱ्यांना कारखान्याखेरीज दुसरे दार मिळाले. पुढे चाचण्यांतील मृत्यू आणि नुकसानभरपाई यांवरून वाद पेटला, २०१३ मध्ये भरपाईचे कडक नियम आले आणि देशातील नव्या चाचण्यांचा ओघ काही काळ आटला. लेखनाच्या कामाला मात्र त्याची तितकी झळ बसली नाही, कारण भारतात लिहिले जाणारे पुष्कळसे अहवाल मुळातच इतर देशांत झालेल्या चाचण्यांचे असतात. २०१९ च्या नव्या नियमांनी शेड्यूल वायची जागा घेतली.

या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त निर्णय सरकारी नव्हता. तो वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी घेतलेला होता. १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे जमलेल्या संपादकांच्या गटाने हस्तलिखितांसाठी समान नियम केले आणि पुढे निबंधाचा लेखक कोणाला म्हणावे याचे निकष ठरवले. संशोधनाच्या आखणीत किंवा माहितीत भरीव वाटा हवा, मसुदा लिहिलेला किंवा चिकित्सकपणे सुधारलेला हवा आणि अंतिम प्रतीला मान्यता दिलेली हवी, असे ते तीन निकष होते. २०१३ मध्ये चौथा आला, तो संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारण्याचा. चारही निकष पूर्ण करणारा तो लेखक, बाकीच्यांचा उल्लेख आभारात. मेडिकल रायटर सहसा यांतला मसुदा लिहिण्याचा दुसरा निकषच पूर्ण करतो, म्हणून निबंधाचा पहिला शब्द ज्याने लिहिला त्याचे नाव शेवटी, बारीक टायपात, पैसे कोणी दिले या वाक्याला जोडून येते.

हा निर्णय कोणत्या पार्श्वभूमीवर कडक झाला हे विसरता येत नाही. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतले गेले. नंतरच्या खटल्यांतील कागदपत्रांवरून २००८ मध्ये उघड झाले की अनेक निबंध कंपनीतील किंवा भाड्याच्या लेखकांनी तयार केले होते आणि त्यांवर नामवंत प्राध्यापकांची नावे मागाहून चढवली होती. हार्मोन उपचारांबाबतचे असेच दस्तऐवज २००९ मध्ये खुले झाले. छुपे लेखन हा शब्द तेव्हापासून या पेशाला चिकटला. मेडिकल रायटरांच्या संघटनांनी स्वतःहून नियम केले, लेखनसाहाय्य उघडपणे नोंदवण्याचा आग्रह धरला, आणि आज ते न नोंदवणे हाच गैरप्रकार मानला जातो.

तरीही या निर्णयाचे ओझे चुकीच्या खांद्यावर पडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गैरप्रकार दोन होते. एकात लिहिणाऱ्याचे नाव लपवले जाई आणि दुसऱ्यात न लिहिणाऱ्याचे नाव मिरवले जाई. पहिल्याचा बंदोबस्त सोपा होता, आभारात एक ओळ घातली की झाले. दुसऱ्यासाठी प्राध्यापकांनी मसुदा खरोखर वाचला का, हे तपासावे लागते, आणि ते तपासण्याचे साधन संपादकांकडे स्वाक्षरीच्या फॉर्मपलीकडे फारसे नाही. निकषांतच अशी सूचना आहे की एखाद्याला मसुदा पाहण्याची संधी नाकारून त्याचे लेखकपद हिरावू नये. व्यवहारात रायटरला आखणीच्या बैठकीला बोलावलेच जात नाही, म्हणून पहिला निकष त्याच्यापुरता आपोआप बाद होतो.

जळगाव किंवा धुळ्याच्या पदवीधराला हा वाद दूरचा वाटेल, पण नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत तो त्याच्यासमोर येतो. सीएसआर सहसा गोपनीय असतो आणि त्यावर सही कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याची असते. निबंध प्रसिद्ध असतो, पण त्यावर रायटरचे नाव लेखक म्हणून नसते. त्यामुळे आठ वर्षे काम केलेल्या माणसालाही आपले काम म्हणून दाखवायला कागद नसतो आणि नवख्याकडे तर एम.एस्सी.चा प्रबंध सोडून काहीच नसते. म्हणूनच कंपन्या लेखनचाचणी घेतात. एक निबंध द्यायचा आणि ठरलेल्या शब्दांत सारांश मागायचा, ही तिची नेहमीची रीत आहे. इंग्रजी वाचनाची सवय पदवीपर्यंत पाठ्यपुस्तकापुरतीच राहिलेली मुले तिथे अडखळतात. पीएचडी हवी का, हा विचारला जाणारा प्रश्न त्यामानाने गौण आहे. निबंध आणि वैद्यकीय माहितीच्या कामात ती उपयोगी पडते, नियामक दस्तऐवजांच्या कामात बी.फार्म. किंवा एम.एस्सी. झालेले अनेक जण आहेत.

नंतरच्या दशकात नियमांनी आणखी कामे निर्माण केली. युरोपच्या औषध नियामकाने २०१५ पासून मंजूर औषधांचे चाचणी अहवाल जाहीर करण्याचे धोरण लागू केले, तेव्हा रुग्णाची ओळख पटेल असा मजकूर त्यांतून झाकण्याचे काम आले. वैद्यकीय उपकरणांचा युरोपीय कायदा २०१७ मध्ये झाला व मे २०२१ पासून लागू झाला, आणि उपकरणांच्या मूल्यमापन अहवालांची मागणी वाढली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या युरोपीय चाचणी नियमांत सामान्य माणसाला कळेल असा निकालाचा सारांश देणे बंधनकारक आहे.

सामान्य माणसासाठी लिहिण्याचे हे काम खानदेशाला अनोळखी नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि धडगाव, अक्कलकुव्याकडे घरात पावरी किंवा भिलोरी बोलली जाते. तिथल्या माणसाला चाचणीतील सहभागाचे मराठीतले संमतीपत्रसुद्धा परक्या भाषेतले असते. २०१३ मध्ये संमतीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आणि २०१५ मध्ये ती सक्ती नव्या रसायनांच्या चाचण्यांत सहभागी होणाऱ्या असुरक्षित गटांपुरती ठेवली गेली. चित्रीकरणाने सही कशी झाली हे दिसते, मजकूर कळला का हे त्यावर अवलंबून नाही. हे संमतीपत्र बहुधा शहरातील अनुवाद संस्थेकडून उतरवून येते आणि तो भाग ज्यांना माहीत आहे असे पदवीधर त्या कामात क्वचितच दिसतात.

करोनाकाळात घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि पुण्याला खोली न घेता हे काम करणे काहींना शक्य झाले. त्यानंतर लगेच भाषिक एआय साधने आली. २०२३ मध्ये लेखकपदाचे निकष ठरवणाऱ्या संपादकांच्या त्याच समितीने एआयला लेखक मानता येणार नाही असे स्पष्ट केले आणि कारण दिले ते जबाबदारीचेच. ठरलेल्या साच्यातले नॅरेटिव्ह ही या साधनांना सर्वांत सोपी गोष्ट आहे, म्हणजे नवख्यांची पारंपरिक पहिली पायरीच यंत्राकडे सरकते आहे. जिथे हा बदल झाला आहे तिथे नव्या माणसाला मसुदा लिहायला न देता यंत्राने लिहिलेला मसुदा लिस्टिंगशी ताडायला दिला जातो, आणि १२ व्या दिवसाऐवजी २१ वा दिवस पडला असेल तर तो त्याच्याच नजरेला यावा, अशी अपेक्षा असते.