स्लो कुकरमधलं मॅक अँड चीज फाटतं का, आणि मऊसूत कसं राहतं

स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास हळूहळू शिजवणारं विजेचं भांडं, मॅक अँड चीजसाठी (चीजच्या सॉसमधल्या मॅकरोनीसाठी) बनलेलंच नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं, आणि त्यांच्या यंत्राचं नावच ‘नॅक्सन बीनरी’ होतं, म्हणजे काम काय तर बीन्स शिजवायच्या. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. आता बीन्स काय किंवा मांसाचा चिवट तुकडा काय, त्यांना वेळ लागतोच, मांसातलं कोलॅजन तासन्‌तास ओल्या उष्णतेत राहिलं की त्याचं हळूहळू जिलेटिन होतं आणि तुकडा मऊ पडतो. पण मॅकरोनी उकळत्या पाण्यात दहाएक मिनिटांत शिजते आणि किसलेलं चीज गरम सॉसमध्ये बघता बघता वितळतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींना वेळ नकोच आहे त्या आपण वेळ देणाऱ्या भांड्यात टाकतो, वर झाकण लावतो आणि निघून जातो. मग चार तासांनी झाकण उघडलं की खाली लगदा, वर पिवळं तेल आणि मध्ये रवाळ कण, आणि नाव मात्र चीजचं खराब!

बरं, अजून एक गैरसमज. कुकरच्या बटणावरचं ‘लो’ म्हणजे कमी तापमान असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक स्लो कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच जाऊन पोचतात, फरक एवढाच की हायवर लवकर आणि लोवर निवांत. त्यामुळे लोवर ठेवलंय म्हणून चीज सुरक्षित आहे असं काही नसतं, सहा तास लोवर म्हणजे त्यातले बरेच तास नव्वदीच्या घरातच जातात. त्यात बऱ्याच मॉडेलमध्ये तापणारी तार भांड्याच्या कडेने गुंडाळलेली असते, म्हणून कडा आधी तापते आणि मधला भाग मागे राहतो.

आता चीजकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

चेडरच्या एका तुकड्यात ढोबळमानाने एक तृतीयांश फॅट असतं, त्याहून थोडं जास्त पाणी, आणि साधारण एक चतुर्थांश प्रोटीन. फॅट आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तरी चीजमध्ये ते गुण्यागोविंदाने राहतात कारण प्रोटीनच्या जाळीत दोघंही अडकलेले असतात. हे प्रोटीन म्हणजे केसीन. दुधातल्या एकूण प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के तेच असतं, आणि त्याचे धागे एकमेकांना बांधून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. जाळी शिवलेली आहे आणि कॅल्शियम हे तिचे टाके, असं समजा. चीज गरम केलं की आधी आतलं फॅट पातळ होतं, ते तर अंगाच्या तापमानाच्या आसपासच व्हायला लागतं, आणि मग साधारण ६५ अंशांच्या आसपास केसीनची जाळी सैल होऊन सगळं वाहायला लागतं. हाच तो क्षण, ज्याला आपण चीज वितळलं म्हणतो.

इथेच थांबलो तर उत्तम. पण स्लो कुकर थांबत नाही ना! तापमान अजून वर गेलं, वेळ अजून गेला, की केसीनचे धागे एकमेकांकडे ओढले जातात, जाळी आक्रसते, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि फॅटला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. ते वर येऊन तरंगतं. जे प्रोटीन गोळा झालं ते जिभेला बारीक वाळूसारखं लागतं, आणि एकदा ते घट्ट गोळा झालं की नुसतं ढवळून परत पूर्वीसारखं होत नाही, कितीही दूध ओता.

चीज किती दिवस मुरलेलं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. चीज मुरताना त्यातली एन्झाइम्स केसीनचे लांब धागे हळूहळू तोडत असतात. सुरुवातीला हे फायद्याचं, जाळी जरा सैल होते आणि चीज छान वितळतं. पण खूप महिने मुरलेल्या चेडरमध्ये धाग्यांचे इतके तुकडे झालेले असतात की फॅट धरून ठेवायची ताकदच राहत नाही, वर पाणीही कमी झालेलं असतं. चव मात्र त्याचीच जास्त, कारण ते तुटलेले तुकडेच तर चव देतात. म्हणून माझ्या मते सरळ हिशोब असा की दोन भाग कोवळं, माइल्ड चेडर आणि एक भाग मुरलेलं, पहिलं पोतासाठी आणि दुसरं चवीसाठी. रिकोटासारखं आम्लाने जमवलेलं चीज यात टाकून उपयोग नाही, त्यातली जाळी कॅल्शियमच्या टाक्यांवर उभीच नसते, ते तापवलं तर वितळायच्या ऐवजी अजून कोरडं होतं.

आणि पाकिटातलं आधीच किसलेलं चीज नको. त्याचे तंतू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते, तीच पूड वितळताना आडवी येते आणि सॉस खरखरीत होतो. ठोकळा आणून हाताने किसायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग हे टाके उसवायचे पण जाळी फाटू द्यायची नाही, हे जमवायचं कसं? हा प्रश्न सुटून शंभरावर वर्षं झाली. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते तापवून पाहिलं. सायट्रेटला कॅल्शियम फार प्रिय, ते कॅल्शियमला केसीनपासून ओढून आपल्याकडे घेतं आणि त्या जागी सोडियम येतं. सोडियमला दोन धागे एकत्र बांधता येत नाहीत. त्यामुळे केसीन मोकळं होतं, पाण्यात नीट पसरतं आणि फॅटच्या थेंबांभोवती स्वतःच आवरण करून बसतं, ते थेंब मग एकत्र येऊच शकत नाहीत. प्रोसेस्ड चीजचा जन्म यातूनच झाला. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि १९३७ मध्ये त्यांच्या कंपनीचं मॅकरोनी आणि चीजचं खोक्यातलं तयार जेवण आलं.

प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडणारे खूप आहेत, पण स्लो कुकरमध्ये टिकाव धरण्याच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरणार नाही हे मान्य करायला पाहिजे. एकूण चीजच्या चौथा हिस्सा जरी प्रोसेस्ड घातलं तरी त्यातले क्षार बाकीच्या चेडरलाही सांभाळून घेतात. नाहीतर सरळ सोडियम सायट्रेटच आणायचं, १०० ग्रॅम चीजला ३ ग्रॅमच्या आसपास पुरतं, आधी ते कोमट दुधात विरघळवून घ्यायचं. फक्त ते सायट्रिक अ‍ॅसिड नाही याची खात्री करा बरं का, लिंबाची आंबट पूड आणि हा क्षार ही वेगळी प्रकरणं आहेत, आंबट पूड तशीच दुधात पडली तर दूध तिथल्या तिथे फाटेल.

तिसरा उपाय म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क, आणि बहुतेक चांगल्या स्लो कुकर रेसिपींमध्ये ते असतं ते उगाच नाही. साध्या दुधातलं सुमारे ६० टक्के पाणी काढून टाकून, डब्यात भरून ते जबर तापवलेलं असतं, म्हणजे या दुधाने आपल्या स्लो कुकरपेक्षा कडक उष्णता आधीच सोसलेली असते आणि तरी ते फाटलेलं नसतं. त्यात प्रोटीन दाट असतं आणि बऱ्याचदा फॉस्फेट क्षार किंवा कॅराजीनन हे स्टॅबिलायझरही घातलेले असतात. (गोड कंडेन्स्ड मिल्क वेगळं, डबे सारखेच दिसतात, लेबल वाचून घ्या.) साधं दूध मात्र तासन्‌तास तापत राहिलं की त्यातली लॅक्टोज साखर थोडी थोडी तुटून आम्लं तयार होतात, आणि चीज मुळातच आंबटसर, त्यामुळे फाटण्याकडे कल वाढत जातो. दूध घ्यायचंच तर फुल फॅट घ्या, स्किम्ड तर अजिबात नको.

आता पाण्याचा हिशोब करू, कारण सॉस का आटतो ते इथे स्पष्ट दिसतं. समजा ४५० ग्रॅम कोरडी मॅकरोनी, ७०० मिली फुल फॅट दूध, इव्हॅपोरेटेड मिल्कचा साधारण ३५० मिलीचा एक डबा आणि ४०० ग्रॅम चीज. दुधात जवळपास ६३० ग्रॅम पाणी, डब्यात २८०, चीजमध्ये दीडशेच्या आसपास, एकूण झालं हजार-साडेदहाशे ग्रॅम. गॅसवर पातेल्यात यातलं बरंच वाफ होऊन उडालं असतं पण स्लो कुकरच्या झाकणाखाली वाफ परत थेंब होऊन आतच पडते, म्हणजे जे घातलं तेवढंच पाणी, ते फक्त मॅकरोनी आणि सॉस यांच्यात वाटून घ्यायचं. नीट शिजलेली मॅकरोनी स्वतःच्या वजनाच्या सव्वापट ते दीडपट पाणी पिते, सव्वापट धरलं तर ५६० ग्रॅम तिने घेतलं आणि पाचशेच्या आसपास सॉसला उरलं, मस्त, वाहतं, चमच्यावरून ओघळणारं. पण मॅकरोनी शिजली म्हणून प्यायची थांबत नाही! अजून तासभर तशीच ठेवली आणि ती पावणेदोनपटीवर गेली तर आणखी सव्वादोनशे ग्रॅम पाणी सॉसमधून गेलं, म्हणजे निम्मा सॉस मॅकरोनीच्या पोटात. फॅट आणि प्रोटीन मात्र तेवढंच राहिलं. पाणी कमी पडलं की सॉस फुटायला कितीसा वेळ लागतो.

मॅकरोनीच्या आतही एक शर्यत चालू असते. ती ड्युरम गव्हाच्या रव्याची, म्हणजे ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रोटीनची) जाळी आणि त्यात बसवलेले स्टार्चचे दाणे. स्टार्चला फुगायचं असतं आणि ग्लुटेनला घट्ट होऊन त्याला आत धरून ठेवायचं असतं. उकळत्या पाण्यात टाकली की बाहेरचं ग्लुटेन पटकन घट्ट होतं आणि स्टार्च आत राहतो. थंड दुधात भिजवून हळूहळू तापवलं की स्टार्चला मोकळं रान मिळतं, तो फुगून बाहेर सांडतो आणि मॅकरोनी चिकट, गिचका होते. म्हणून दूध आधी वेगळं गरम करून, वाफा येईपर्यंत, मगच मॅकरोनीवर ओतायचं. थोडा स्टार्च बाहेर यायलाच हवा म्हणा, तोच सॉस दाट करतो आणि केसीनच्या कणांमध्ये घुसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, त्यासाठीच तर मॅकरोनी धुऊन घ्यायची नसते आणि वेगळा मैदा भाजत बसायची गरज पडत नाही.

करायचं कसं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. भांड्याला आतून सगळीकडे बटर, विशेषतः कडेला, कच्ची मॅकरोनी, त्यावर गरम दूध आणि इव्हॅपोरेटेड मिल्क, मीठ बेताने कारण चीज खारट असतं, चमचाभर मोहरीची पूड (तिच्यातला चिकट डिंकासारखा भाग फॅट आणि पाणी एकत्र ठेवायला थोडी मदत करतो, शिवाय चवही येते). लोवर झाकण लावून ठेवायचं, तासाभराने एकदा तळापासून वर ढवळायचं आणि मग दर १५-२० मिनिटांनी एक नळी खाऊन बघायची. दरवेळी झाकण उघडलं की उष्णता जाते आणि ती परत यायला वेळ लागतो, पण इथे तो तोटा परवडतो, कारण कडेचं आणि मधलं एक होणं जास्त महत्त्वाचं. बहुतेक कुकरमध्ये दीड ते दोन तासांत होतं. ‘सकाळी लावा, संध्याकाळी खा’ छापाच्या रेसिपी या पदार्थासाठी थापा आहेत, त्यावर विश्वास ठेवू नका.

मॅकरोनी दाताखाली अजून किंचित कडक लागतेय असं वाटलं की कुकर वॉर्मवर आणायचा, पाच-दहा मिनिटं झाकण उघडं ठेवायचं आणि मग चीज मूठमूठ घालत हलक्या हाताने ढवळायचं. एकदम सगळं ओतलं तर गोळा होतो. आधीची मूठ दिसेनाशी झाली की पुढची. या टप्प्याला सॉस ७० अंशांच्या आसपास असला की झालं, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बघून घ्या, नसेल तर बुडबुडा एकही दिसता कामा नये. दाट वाटलं तर कोमट दुधाचा शिपका.

कडेला जी तपकिरी खरपूस पट्टी धरते ती करपणं नाही, निदान सुरुवातीला तरी. दुधातली साखर आणि प्रोटीन यांची मेलार्ड क्रिया आहे ती, इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये दोन्ही दाट असल्यामुळे जास्त दिसते. काहींना तीच आवडते. पण तिथलं चीज फुटलेलं असतं, ते खरवडून मधल्या सॉसमध्ये मिसळलं की अख्ख्या भांड्यात कण होतात, तेव्हा ते ज्याला हवं त्याच्या ताटलीत वेगळं वाढा.

वॉर्मवर तास-दीड तास ठीक, पण कुकर बंद करून तसंच ठेवून देऊ नका. साधारण ४ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू जोरात वाढतात, आणि बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, त्यांना कोमट, स्टार्चचं अन्न फार मानवतं. उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला की ठोकळा दिसेल. स्टार्चचे धागे थंड होताना परत एकमेकांशेजारी रांगेत बसतात, फॅटही थिजलेलं असतं. हे गरम करायला स्लो कुकर वापरायचा नाही, तो धोक्याच्या पट्ट्यातून फारच रमतगमत वर जातो. पातेल्यात काढा, वाटीभर मॅकरोनीला दोनेक चमचे दूध घाला, झाकण ठेवून मंद गॅसवर मधूनमधून हलवा. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर, थोडं थोडं करून. दोन्हीकडे सगळं नीट गरम होऊन वाफ येईपर्यंत तापवा आणि लगेच खाली उतरवा, फुल पॉवरवर एकदम ठेवलं तर आदल्या दिवशी सांभाळलेलं सगळं फॅट दोन मिनिटांत ताटलीच्या कडेला जमा होतं.