इम्प्लांट किती वर्षे टिकते : एका मोजपट्टीची पार्श्वभूमी

दाताचे इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवलेला धातूचा आधार, किती वर्षे टिकते, असे विचारल्यावर नाशिकच्या दवाखान्यांत साधारणपणे दोन प्रकारची उत्तरे मिळतात : ‘९५ टक्के यश’ किंवा ‘आयुष्यभर’. दोन्ही उत्तरांचा उगम गेल्या साठ वर्षांच्या संशोधनात दाखवता येतो, त्यामुळे ती खोटी आहेत असे म्हणता येत नाही. मात्र यश ज्या मोजपट्टीने मोजले गेले, ती किती सैल होती आणि पुढे कशी बदलत गेली, हे रुग्णापर्यंत क्वचितच पोहोचते.

दूरच्या इतिहासाला येथे फारसे महत्त्व नाही. होंडुरासमध्ये सापडलेल्या एका प्राचीन जबड्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते, याचा उल्लेख या विषयावरील बहुतेक लेखनात येतो. विसाव्या शतकाच्या मध्यात हाडावर ठेवायच्या धातूच्या चौकटी आल्या आणि १९६० च्या दशकात पात्यासारखी इम्प्लांट्स आली. त्यांच्याभोवती बहुधा तंतुमय ऊती तयार होत असे, म्हणून त्यांपैकी अनेक काही वर्षांत सैल पडत. खरे वळण १९५० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये आले. सशाच्या हाडात रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणे प्रयोगानंतर निघेनात, कारण हाड त्या धातूला थेट चिकटले होते. या तत्त्वावर १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट्स बसवली गेली. तो रुग्ण २००६ साली वारला तेव्हाही ती काम देत होती. ‘आयुष्यभर’ हे उत्तर मुख्यतः या आणि अशाच काही जुन्या रुग्णांच्या आधारावर उभे आहे.

त्या काळातील पद्धत आजच्याहून बरीच वेगळी होती. हाडात बसवायच्या स्क्रूचा, म्हणजे इम्प्लांटचा, पृष्ठभाग गुळगुळीत असे. तो खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवत आणि त्यानंतरच त्यावर दात चढवत. १९९० च्या दशकापासून आम्लाने किंवा कणांच्या माऱ्याने खडबडीत केलेले पृष्ठभाग रूढ झाले. त्यांच्याशी हाड लवकर जुळते आणि प्रतीक्षेचा काळ काही आठवड्यांवर आला. आता तर तीन दिवसांत पक्के दात देण्याच्याही जाहिराती होतात. परंतु चाळीस वर्षांचा पुरावा आहे तो गुळगुळीत, सावकाश भार दिलेल्या स्क्रूचा, आणि आज विकला जातो तो प्रामुख्याने दुसराच. शिवाय खडबडीत पृष्ठभाग एकदा हिरडीबाहेर उघडा पडला की त्यावर जंतूंचा थर सहज साचतो आणि तो काढणे कठीण जाते. जुन्याची कीर्ती नव्याच्या खात्यावर जमा करताना हा फरक सांगितला जायला हवा.

सर्वाधिक वाद आहे तो यशाच्या व्याख्येविषयी. १९७८ साली अमेरिकेत झालेल्या तज्ज्ञ परिषदेने ठरवलेले निकष आज वाचताना आश्चर्य वाटते. इम्प्लांट कोणत्याही दिशेने एक मिलिमीटरपेक्षा कमी हलत असेल, त्याच्या उभ्या उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंतच हाड झिजले असेल आणि पाच वर्षांनी ७५ टक्के रुग्णांत ते काम देत असेल, तर ते यश मानावे, असे त्यात होते. १९८६ साली संशोधकांच्या एका गटाने हे निकष कडक केले. इम्प्लांट मुळीच हलता कामा नये, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हाड झिजावे आणि पाच वर्षांनी ८५ टक्के, तर दहा वर्षांनी किमान ८० टक्के यश मिळावे, अशी ही मोजपट्टी पुढे जगभर वापरली गेली. तिच्यातील मेख ‘पहिल्या वर्षानंतर’ या सवलतीत आहे. पहिल्या वर्षात सुमारे दीड मिलिमीटर हाड जाणे स्वाभाविक, असे पुढील काळात गृहीत धरले गेले. त्यात नऊ वर्षांचे प्रत्येकी ०.२ मिलिमीटर मिळवले, तर दहा मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटभोवतीचे सुमारे एक-तृतीयांश हाड दहा वर्षांत जाऊनही कागदावर यशच उरते. पुन्हा ०.२ मिलिमीटर हा फरक एखाद्या रुग्णाच्या नेहमीच्या एक्स-रेवर खात्रीने वाचता येणेही अवघडच असते.

पुढे बऱ्याच अहवालांनी ही मोजपट्टीही बाजूला ठेवून केवळ ‘इम्प्लांट तोंडात आहे की नाही’ एवढेच मोजले. दहा वर्षांसाठी सांगितली जाणारी ९५ टक्क्यांच्या आसपासची संख्या मुख्यतः या मोजणीतून आलेली आहे. त्यात हिरडीतून रक्त येणारे, हाड झिजलेले आणि कॅप (वर चढवलेला कृत्रिम दात) दोनदा बदललेले इम्प्लांटही टिकलेलेच ठरते. मध्येच तपासणीला येणे थांबवलेल्या रुग्णांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. अलीकडे वीस वर्षांच्या पाहण्या एकत्र करून, बेपत्ता झालेल्या रुग्णांचाही अंदाज हिशेबात धरला गेला, तेव्हा टिकण्याचे प्रमाण दहापैकी नऊवरून पाचपैकी चारच्या जवळपास खाली आले. नाशिकमध्ये ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार हंगामात तपासणीला फिरकत नाही, धुळे-नंदुरबारहून आलेला रुग्ण दात बसल्यावर सहसा परतत नाही, आणि न परतलेला रुग्ण समाधानीच असणार असे धरले जाते. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. जिल्ह्यातील दवाखान्यांची दहा-पंधरा वर्षांची सामाईक नोंद येथे सुरू झाली, तर परदेशी टक्केवारीवर विसंबण्याची गरज कमी होईल.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे. पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला व हाडाला रोग होतो. या रोगासाठी ‘पेरि-इम्प्लांटायटिस’ हे स्वतंत्र नाव १९८० च्या दशकात रूढ झाले आणि २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत त्याचे निकष नव्याने ठरले. पूर्वीचा एक्स-रे उपलब्ध नसल्यास रक्तस्राव, हिरडी व इम्प्लांट यांच्यामध्ये किमान सहा मिलिमीटर खोल कप्पा आणि किमान तीन मिलिमीटर हाडाची झीज एकत्र आढळली, तर तो रोग मानावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे १९८६ च्या हिशेबात यशात बसू शकणारी झीज, रक्तस्राव व खोल कप्प्याची जोड मिळताच, आता रोगाच्या व्याख्येत जाते. २०१५ च्या एका एकत्रित अभ्यासात साधारण पाचांपैकी एका रुग्णाला हा हाडापर्यंत गेलेला रोग आढळला, जरी वेगवेगळ्या पाहण्यांतील आकड्यांत प्रचंड तफावत होती. नैसर्गिक दाताला हाडाशी जोडणारा अस्थिबंध इम्प्लांटला नसतो आणि ही झीज बहुधा दुखतही नाही. ब्रश करताना येणारे रक्त हीच पहिली सूचना असते. कॅप बसवल्याच्या दिवशी काढलेला एक्स-रे जपून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच होते.

निगेचे नियमही याच अनुभवातून घडले. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट हे रोगाचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे लक्षात आल्यापासून, शक्य तेथे स्क्रूने बसणारी कॅप पसंत केली जाऊ लागली. रोज दोन वेळा मऊ ब्रश आणि तारेवर प्लास्टिकचे आवरण असलेला इंटरडेंटल ब्रश वापरावा. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून टायटॅनियमवर ओरखडे न पाडणाऱ्या साधनांनी कीटण काढून घ्यावे. विडी व सिगारेट धोका वाढवतात. मिश्री लावण्याची आणि तंबाखू चघळण्याची सवयही शस्त्रक्रियेपूर्वीच सोडलेली बरी. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असावी, आणि झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री संरक्षक पट्टी वापरावी.

आजीवन हमी देताना कंपनी बहुधा केवळ हाडातील स्क्रू (इम्प्लांट) बदलून देण्याचे मान्य करते. कॅप, हाड भरण्याचा खर्च आणि डॉक्टरांची फी तीत धरलेली नसते. कॅप किंवा तिचा आतील स्क्रू इम्प्लांटच्या आधी खराब होणे नेहमीचेच आहे. दात हलू लागला तर इम्प्लांटच गेले असे समजून घाबरण्याआधी हा छोटा स्क्रू सैल झाला आहे का, ते तातडीने तपासून घ्यावे. त्यासाठी लागणारा स्क्रूड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असतो. म्हणून कंपनी, व्यास, लांबी व लॉट क्रमांक छापलेला स्टिकर डॉक्टरांकडून मागून घेऊन तो त्या पहिल्या एक्स-रेबरोबर ठेवावा.